रायफल की बारा बोअर?

हरभरा वीतभर झाला की काळविटे शेतात उतरतात. शिरूर अनंतपाळचे आमचे मेहुणे गेल्या हिवाळ्यात भलतेच चिडले. मला म्हणाले, "दाजी, .३१५ ची रायफल बरी, की बारा बोअर?"

नुसते शस्त्राचे म्हणाल, तर रायफलच! बारा बोअरचे छर्रे लांबवर विखुरतात. जनावर मरत नाही, जखमी होऊन पळते. रायफलीची गोळी नेमकी बसते. पण चुकली तर मैलभर जाते. माळापलीकडे एखादा गुराखी असला तर?

शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ही निवडच संपवली. काळवीट पहिल्या अनुसूचीत. मारणाऱ्यास ३ ते ७ वर्षे कैद. पिकाची भरपाई वन खाते देते. पंचनामा होईपर्यंत खुरांचे ठसे तेवढे मोडू नयेत.