मातीचा कौल

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर पोलादाचा कारखाना उभा राहतो. 1955 साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात त्याविषयी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्ट्या आणि धुराडी सर्वांना दिसतात. त्यांचा भार अहोरात्र पेलणारी जमीन मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. एवढे मोठे काम माती व खडक यांची परीक्षा केल्यावाचून कोणी हाती घेत नाही. आयुष्यभराची कमाई घालून घर बांधणारा सामान्य माणूस मात्र बहुधा ही परीक्षा करीत नाही. कारखान्यासाठी जी सावधगिरी आवश्यक, ती घरासाठी अनावश्यक का मानावी?

मातीची पारख ही काही परकी विद्या नव्हे. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीला कन्हार, मटासी, डोरसा आणि भाटा अशा नावांनी ओळखतो. कन्हार म्हणजे ओल धरणारी काळी, चिकण माती, मटासी पिवळसर, डोरसा या दोहोंमधली, आणि भाटा म्हणजे लालसर, खडेरी, ओल न धरणारी जमीन. 2016 साली स्थापन झालेल्या भिलाईच्या आयआयटीचा परिसर ज्या गावी आहे, त्या कुटेलाभाटाच्या नावातही 'भाटा' आहेच. विदर्भातील शेतकरीही काळी आणि बरड यांतील भेद जाणतो. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला रुंद भेगा पडतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

हेच ज्ञान शास्त्राने मोजमापात आणले. कार्ल टर्झागी या अभियंत्याने 1925 साली ग्रंथ लिहून मृदायांत्रिकी या शास्त्राचा पाया घातला. मातीच्या कणांमधील पाणी भाराचा काही वाटा स्वतःवर घेते, म्हणून पाण्याबरोबर मातीचे बळही बदलते, हे त्याने दाखवून दिले. आज जागेवर छिद्र घेऊन 63.5 किलोग्रॅमचा हातोडा 75 सेंटिमीटर उंचीवरून नळीवर पाडतात आणि नळी 30 सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागले, ते मोजतात. ठोके जितके अधिक, तितकी जमीन घट्ट. फुगणाऱ्या मातीची कसोटी तर याहून सोपी आहे. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन एका नळकांड्यात पाण्यात व दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातील माती रॉकेलातील मातीच्या दुप्पट झाली, तर फुगवटा 100 टक्के होय. अशी माती घराला धोक्याची.

या आकड्यांवरून अभियंते जमिनीचे गणिती प्रतिमान तयार करतात आणि भार पडल्यावर ती किती खचेल, याचा अंदाज बांधतात. परंतु नमुनाच चुकीच्या जागेचा घेतला असेल, तर उत्तम संगणकही चुकीचेच उत्तर देईल. म्हणून शेतकऱ्याची नजर आणि प्रयोगशाळेचे माप ही एकमेकांची पूरक आहेत.

'आमच्या आजोबांनी कुठे माती तपासली होती?' असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. तो गैर नाही. पण जुनी घरे माती-लाकडाची, हलकी व लवचीक होती. भिंतीला तडा गेला तर दरसाल लिंपून घेता येत असे. विटा-सिमेंटची ताठ भिंत जमिनीची हालचाल सोसत नाही, ती दुभंगते. उपायही आहेत. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की, काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दिला असता खालचा फुगवटा आवरता येतो. तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेले काँक्रीटचे खांब खोलवर उतरवून त्यांवर घर पेलणे, हाही एक रुळलेला मार्ग आहे. मात्र कोणता उपाय कोठे योजावा, हे तपासणीनंतरच ठरते.

खर्चाची अडचण खरी आहे. प्रत्येक घरासाठी खोल छिद्र घेणे गरिबाला परवडणारे नाही. पण एका वस्तीची माती सामाईकपणे तपासून तिची नोंद ग्रामपंचायतीत ठेवता येईल. तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या प्रयोगशाळा या कामी उपयोगी पडतील. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत पिकासाठी मातीतील 12 घटक तपासले जातात. ती जमीन घराचा भार किती पेलेल, हे त्यात नसते. पिकासाठी जी व्यवस्था होऊ शकते, ती निवाऱ्यासाठीही व्हायला हवी. घरकुलासाठी अनुदान देताना शासनाने मातीचा अहवालही द्यावा.

भिंतीचा तडा बुजवण्यापेक्षा तो पडूच न देणे स्वस्त असते. म्हणून गवंड्याने कुदळ मारण्यापूर्वी आणि मालकाने विटांचा भाव विचारण्यापूर्वी मातीचा कौल घ्यावा. घर बांधणाऱ्याने सर्वांत आधी सल्ला घ्यावा, तो पायाखालच्या जमिनीचा.