अर्थ तुटला आहे!

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या वायरिंगवर लेख लिहावा, हे पाहून माझे वर्गमित्र हसतील आणि प्राध्यापक मंडळी चष्म्यावरून माझ्याकडे पाहतील. पण गेल्या पावसाळ्यात मला जो धडा मिळाला तो कोणत्याही पेपरात विचारला जाणार नाही. म्हणून तो येथे लिहून ठेवतो.

आमच्या घरी, झरीला, आजोबांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनेही ऑक्टोबर 2023 मध्ये निरोप घेतला. आमच्याकडे मात्र ती अजून घरातल्या माणसासारखी आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाप्रमाणेच तिचे दुखणेही सर्वांनी गृहीत धरलेले आहे.

ताईच्या लग्नाआधी बाबांनी गाडी रंगवून घेतली. त्यानंतर काही महिन्यांनी सेल्फ कुरकुरू लागला. किल्ली फिरवली की नुसता 'टक्' आवाज! एका जाणत्याने सांगितले, बॅटरी गेली. कापसाच्या पैशांतून नवी बॅटरी आली. चार दिवस बरे गेले, पुन्हा 'टक्'. दुसऱ्याने सांगितले, सेल्फ जळाला. सेल्फ उघडून दुरुस्त झाला. माझ्या पुस्तकांसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. गाडी मात्र तशीच.

आणि मग ती रात्र आली. आजीला धाप लागली. वणीला न्यायचे ठरले. तिला मागच्या सीटवर बसवले, बाबांनी किल्ली फिरवली, आणि 'टक्'! पाऊस पडत होता. शेजारचे चौघे चिखलात उतरून धक्का देऊ लागले. तेवढ्यात धापा टाकत आजी म्हणाली, "मी उतरू काय गा? गाडी हलकी होईन." ते वाक्य मी जन्मात विसरणार नाही. धक्क्याने गाडी सुरू झाली, आजी दवाखान्यात पोचली आणि बरीही झाली. पण त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली. माझ्याजवळ बारा वर्षांचे शालेय आणि दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण होते. त्यातले काहीएक कामी आले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात मुकुटबनकडचे एक म्हातारे मिस्त्री आले. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी बॉनेट उघडले नाही, आधी प्रश्न विचारला, "हे कवापासून हाय?" इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता! बाबा म्हणाले, "गाडी रंगवली, त्यानंतर." दुसरा प्रश्न, "सेल्फ मारताना लाइट मंद होते का?" होत नव्हते. तिसरा प्रश्न ऐकून तर आम्ही चकित झालो. "चोकची तार गरम लागते काय?" खरोखरच लागत होती. त्यावर आम्ही कधी विचारही केला नव्हता.

"मंग त झालंच," मिस्त्री म्हणाले, "बॅटरी बरी हाय, सेल्फ बरा हाय. अर्थ तुटला हाय, बाबू."

माझ्यातला मराठीचा विद्यार्थी क्षणभर चमकला. पण त्यांचा 'अर्थ' वेगळा होता. मोटारीत प्रत्येक दिव्याला जाणारी तार एकच असते. वीज परत येते ती गाडीच्या लोखंडी अंगातून. इंजिन मात्र रबरी गाद्यांवर बसलेले असते. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या विणीची एक पट्टी लागते. रंगाऱ्याने त्या पट्टीच्या बोल्टाखालीही रंग मारला होता. वरून पावसाचा गंज चढला. सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर वीज लागते. वाटेत एका ओहमचा विसावा भाग जरी अडथळा असला, तरी 100 अँपिअरला 12 पैकी 5 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. अर्ध्या अँपिअरवर जळणाऱ्या दिव्याला तोच अडथळा जाणवतही नाही. अडलेली वीज मग परतीची दुसरी वाट शोधते, ती चोकच्या तारेतून. म्हणून ती तापते.

मिस्त्रींनी एक जाड तार बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनला टेकवली आणि किल्ली फिरवायला सांगितली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली! मग बॅटरीची तार सोडून पट्टी काढली, पॉलिश पेपरने जागा घासून लखलखीत केली, बोल्ट आवळला. काम अर्ध्या तासाचे.

जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने 1827 साली मांडलेला नियम मी दहावीत पाठ केला होता, त्याचे गुणही मिळवले होते. मिस्त्रींना त्याचे नावसुद्धा ठाऊक नव्हते. तरी नियम त्यांच्याजवळ होता, माझ्याजवळ फक्त त्याचे शब्द होते.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्याला दोष शोधायचा कंटाळा आहे, वस्तू बदलायची घाई आहे. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणारे मी पाहिले आहेत. फ्यूज बिचारा धोका सांगायला आलेला असतो, आपण त्याचेच तोंड बंद करतो आणि पुढे वायरिंग पेटते. अभ्यासातही हेच चालते. निबंध जमत नाही, तर गाइड बदला. विषय कळत नाही, तर क्लास बदला. 'हे कवापासून हाय?' असे स्वतःला कोण विचारतो?

शेजारच्या वर्ध्याला 1937 साली भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा आग्रह धरला होता. वर्धा आपल्यापासून फार लांब नाही, पण तो विचार आपल्या वर्गापर्यंत पोचलेला दिसत नाही. कोणी म्हणेल, कला शाखेचे काम माणूस समजून घेण्याचे, यंत्र नव्हे. कबूल! पण चौथी शिकलेल्या माणसाला मिस्त्री म्हणून बाजूला बसवायचे आणि त्याची विचार करण्याची रीत शिकायची नाही, हे कसले माणूस समजून घेणे? आधी विचारावे, मग पाहावे, मग पारखून घ्यावे, आणि शेवटी पाना हातात घ्यावा. ही रीत इतिहासाच्या अभ्यासाला लागते, समाजशास्त्राला लागते, कवितेलाही लागते. महाविद्यालयाने वर्षातून एक दिवस अशा मिस्त्रींना फळ्यापुढे उभे करावे आणि आम्ही वह्या घेऊन समोर बसावे, एवढी माझी नम्र सूचना आहे.

आमच्याकडे वीज भरपूर आहे, दिवेही लखलखीत जळताहेत. मात्र भार पडला की नुसता 'टक्' आवाज येतो. मित्रहो, नवी बॅटरी घेण्यापूर्वी एकदा बोल्ट सोडून पाहू या. रंगाखाली अर्थ कुठे तुटला आहे, ते तरी कळेल.