उंदराची वेदना, माणसाची बातमी

‘उंदरांवरील प्रयोग यशस्वी, वेदना गायब’ अशी बातमी दिसली की सांधेदुखीने गांजलेला वाचक ती मनापासून वाचतो. मथळ्याखाली बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: मेंदूतला किंवा मज्जारज्जूतला अमुक रिसेप्टर अडवला आणि प्राण्याची वेदना कमी झाली. अशा वाचकाने आधी ‘सबस्टन्स पी’ची कहाणी ऐकावी.

उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी 1931 साली घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात हा पदार्थ शोधला. चाळीसेक वर्षांनी सुझन लीमन यांच्या गटाने त्याची रचना उलगडली. ती अकरा अमिनो आम्लांची साखळी निघाली. दुखापत झाली की चेतातंतू मज्जारज्जूत हा पदार्थ सोडतात आणि तो ‘एनके-1’ रिसेप्टरवर जाऊन बसतो. मग हा रिसेप्टरच अडवला तर? फायझरच्या संशोधकांनी 1991 साली तसे रसायन जाहीर केले, पाठोपाठ इतर कंपन्याही उतरल्या. गिनीपिग आणि जर्बिल यांच्यावर गुण दिसला.

माणसांत मात्र सगळेच फसले. मायग्रेन, संधिवात, चेतातंतूंची वेदना, कशावरच या औषधांचा भरवशाचा उपयोग झाला नाही.

त्यांचा उपयोग निघाला भलत्याच ठिकाणी. एनके-1 अडवणारे अप्रेपिटंट 2003 साली अमेरिकेत केमोथेरपीच्या उलट्यांवर मंजूर झाले. त्याचेच भावंड मॅरोपिटंट कुत्र्यांच्या उलट्या थांबवते. शिवाय कुत्रीच्या अंडाशयाला ताण देऊन केलेल्या प्रयोगात मॅरोपिटंट दिल्यावर भूल कमी लागली. म्हणजे कुत्र्यांपुरता तरी वेदनेचा धागा अगदीच तुटलेला नाही.

घोडे अडते ते मोजमापात. उंदराने तापलेल्या पृष्ठभागावरून पंजा किती सेकंदांत उचलला, हे मोजता येते. पण माणसाची जुनाट वेदना त्याची झोप उडवते, धास्ती लावते, कामावर जाऊ देत नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने 2010 साली उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी मांडली, ती ही उणीव भरण्यासाठीच.

केटामाइनचा प्रवास एनके-1 अडवणाऱ्या औषधांच्या उलटा. ते 1970पासून माणसांत भुलीसाठी वापरात होते, जनावरांचे डॉक्टरही ते वापरत. ते ‘एनएमडीए’ रिसेप्टर अडवते, हे त्यानंतर तेरा वर्षांनी उमगले. गुण आधी दिसला, कारण मागाहून कळले.

म्हणून वृत्तपत्रांनी अशा बातमीच्या दुसऱ्याच ओळीत दोन गोष्टी छापाव्यात: प्राणी कोणता होता आणि त्याची वेदना मोजली कशी.