धाडीआधी तेल उचलण्याची सोय करा



टपऱ्यांवर धाडी घालण्याची मागणी करणारे पत्र वाचले. तेच काळे तेल पुन्हा कढईत पडते, ही तक्रार खरी आहे. उपाय मात्र पटला नाही.

तळणीच्या तेलात ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचे नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून सर्वांना लागू आहे. नोंदी ठेवून वापरलेले तेल अधिकृत संकलकालाच देण्याचे बंधन मात्र रोज 50 लिटरहून जास्त तेल तळणीला लागणाऱ्यांवर आहे. आमच्या बपेऱ्यात आलूबोंडे-समोसे तळणाऱ्याला एवढे तेल कुठले लागणार? त्याच्या दारी संकलक येत नाही. नालीत ओतले तर नाली तुंबते, फेकायला जीव होत नाही. मग त्यातच ताजे तेल मिसळले जाते.

या तेलापासून बायोडिझेल बनते. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 'रुको' उपक्रम 2018 पासून त्यासाठीच आहे. तो गावापर्यंत आणा. तुमसरला संकलन केंद्र हवे, बाजाराच्या दिवशी गावोगावचे डबे उचलले जावेत, रोख भाव आणि पावती मिळावी. पावतीचा आग्रह यासाठी, की तेच तेल गाळून स्वस्तात दुसऱ्याच्या कढईत जाऊ नये. अन्न व औषध प्रशासनाने एवढी सोय आधी करावी. त्यानंतरही जो काळे तेल वापरील, त्याच्यावर कारवाई जरूर व्हावी.

– एक वाचक, बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा