वेष्टनातला सुपरमॅन

अमेरिकेत १९८४ साली केनर कंपनीने 'सुपर पॉवर्स' नावाची खेळण्यांची मालिका आणली. तीतल्या सुपरमॅनचे पाय चिमटीत दाबले की तो हातांनी ठोसा मारी. आज तो संग्राहकापुढे आला की पहिला प्रश्न असतो, वेष्टन उघडलेले तर नाही ना? ज्या ठोशासाठी त्याला घडवले, तो त्याने एकदाही मारला नाही, म्हणून त्याची किंमत जास्त! हा न्याय मला पटत नाही.

खेळण्याचा दर्जा हातात घेऊनच कळतो. सांधे सैल असले तर पुतळा उभा राहत नाही, फार घट्ट असले तर वळवताना मोडतात. डोळ्याचा रंग केसभर सरकला तरी महावीर तिरळा दिसतो. सांध्यांची संख्या म्हणजेही गुणवत्ता नव्हे. गुडघ्याला दुहेरी सांधा दिला की पाय अधिक वाकतो, पण पायाची रेषा तुटते. शिल्प आणि हालचाल यांचा मेळ जिथे बसला, तिथे दर्जा.

बंद वेष्टन म्हणजे अभय, हाही भ्रमच. मऊ प्लास्टिकमधले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे झिरपते आणि न उघडलेल्या पाकिटातही पुतळा चिकट होतो.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने पुठ्ठ्याच्या कडा खुशाल तपासाव्यात. त्याचा पैसा, त्याची हौस. मात्र ती पुठ्ठ्याची पारख झाली. सुपरमॅनची पारख करायची, तर त्याचे पाय एकदा दाबून पाहावेच लागतील.