तोत्तोचान मोठी झाली... पुढे?

आपल्याकडे ‘तोत्तोचान’ हे पुस्तक दोनच वेळा कपाटातून बाहेर येतं. एक, शिक्षकदिनाच्या भाषणाला आणि दोन, कुणाला वाढदिवसाला स्वस्त पण सुसंस्कृत वाटेल अशी भेट द्यायची असते तेव्हा. (नॅशनल बुक ट्रस्टचा मराठी अनुवाद. किंमत हॉस्टेलवाल्यांना झेपणारी!) मग आगगाडीच्या डब्यांतले वर्ग, कोबायाशी सर, डब्यातलं ‘थोडं समुद्रातलं, थोडं डोंगरातलं’ वगैरे होतं, ‘अशी शाळा पाहिजे’ असं सगळे म्हणतात आणि आपापल्या घरी जातात.

पहिलीतच शाळेतून काढून टाकलेल्या त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की खरी गोष्ट तर तिथून पुढे सुरू होते. आणि ती आपल्या, म्हणजे विशी-एकविशीतल्या लोकांच्या जास्त कामाची आहे.

तिचं नाव तेत्सुको कुरोयानागी. जन्म ९ ऑगस्ट १९३३, टोकियो. वडील व्हायोलिनवादक. तिने संगीत शाळेत ऑपेराचं शिक्षण घेतलं आणि मग एनएचकेच्या परीक्षेला बसली. कशासाठी? तर आपल्याला पुढे मुलं झाली की त्यांना गोष्टीची पुस्तकं छान वाचून दाखवता यावीत म्हणून! करिअर-बिरिअर डोक्यात नव्हतं. साल १९५३. जपानमध्ये टीव्ही सुरू झाला तोच त्या वर्षी. हजारो अर्जांतून मूठभर लोक घेतले, त्यात ही एक.

आणि मग सुरू झाला त्रास. कारण तिचा आवाज. वेगळा, उंच, आणि बोलण्याचा वेग असा की समोरच्याला धाप लागावी. नव्या कलाकारांना रेडिओ नाटकात गर्दीचे आवाज काढायचं काम असायचं. रस्त्यावर माणसं कुजबुजताहेत, एवढंच. पण त्या गर्दीतही हिचाच आवाज वर यायचा. जरा मागे उभी राहा, आणखी मागे, आणि शेवटी, तू आज घरी गेलीस तरी चालेल. सगळ्यांचं म्हणणं एकच : तुझं वेगळेपण जरा आत ठेव.

१९५४ मध्ये एनएचके रेडिओवर ‘यान्बो, निन्बो, तोन्बो’ नावाची मुलांची मालिका येणार होती. तीन छोट्या पांढऱ्या माकडांची गोष्ट. लेखक तादासु इइझावा. हिची निवड झाली तेव्हा ही बिचारी आधीच त्यांना सांगून मोकळी झाली, की मी माझा आवाज सुधारीन, बोलणं सुधारीन, सगळं सुधारीन. इइझावांनी सांगितलं, काही सुधारू नकोस, जसं बोलतेस तसंच बोल. तेच आम्हाला हवंय.

मला विचाराल तर कोबायाशी सरांइतकाच हा माणूस मोठा. लहान मुलीला ‘तू चांगली आहेस’ म्हणणं त्या मानाने सोपं. नोकरीला लागलेल्या, भेदरलेल्या, स्वतःलाच खोडून काढायला निघालेल्या पोरीला थांबवणं जास्त अवघड. पण शिक्षकदिनाला इइझावांचं नाव कोण घेतं?

हे मला एवढं का लागलं, तेही सांगते. मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी बोलणं ऐकून इथे निम्मी विंग हसते, आणि इंग्लिश बोलले की उरलेली निम्मी म्हणते, ‘शायनिंग मारते’. त्यात प्लेसमेंटच्या आधी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे क्लास. तिथे साठ जणांना एकाच चालीत ‘गुड मॉर्निंग, मायसेल्फ...’ म्हणायला शिकवतात (आधी ते ‘मायसेल्फ’ तरी काढा हो!). सांगली, लातूर, गोंदिया, सगळ्यांचा हेल घासून गुळगुळीत. जीडीला बसलं की डोळे मिटून कोण बोलतंय ते ओळखता येत नाही. एनएचकेला गर्दीचा जसा आवाज हवा होता ना, तसाच.

आता कुणी म्हणेल, तिला इइझावा भेटले, आम्हाला कोण भेटणार? बरोबर आहे. नशीब होतंच. पण नशिबावर सत्तर वर्षं निघत नाहीत. पुढची यादी बघा. बाहुल्यांच्या मालिकांतले आवाज. १९५८ मध्ये पंचविशीत एनएचकेच्या वर्षअखेरच्या ‘कोहाकू’ या गाण्यांच्या महाकार्यक्रमाचं निवेदन. ‘थंडरबर्ड्स’ जपानीत आलं तेव्हा लेडी पेनेलोपीचा आवाज हिचाच. मग १९७१ मध्ये, चांगली नावारूपाला आलेली असताना, सगळी कामं सोडून वर्षभर न्यूयॉर्कला अभिनय शिकायला गेली. आपण साधा इयर ड्रॉप म्हटलं तरी घरी रडारड होते!

परत आल्यावर २ फेब्रुवारी १९७६ ला ‘तेत्सुको नो हेया’, म्हणजे ‘तेत्सुकोची खोली’, हा रोजचा मुलाखतींचा कार्यक्रम सुरू झाला. २०१५ साली त्याचा १०,००० वा भाग झाला. गिनीज बुकात नोंद आहे. तिची अट अशी की मुलाखत कापायची-जोडायची नाही, झाली तशी दाखवायची. म्हणजे पाहुण्याच्या तोंडचं वाक्य कुणी फिरवणार नाही. प्रत्येक पाहुण्यासाठी हाताने काढलेल्या नोट्स. (आपण व्हायवाच्या आदल्या रात्री काय करतो ते आठवा.) ती काही फार गोड मुलाखतकार आहे असंही नाही. विनोदी कलाकार तर तिला टरकून असतात, कारण ती भर कार्यक्रमात सरळ सांगते, आता तुमची ती गंमत करून दाखवा. आणि मग स्वतः हसेलच याची गॅरंटी नाही!

‘तोत्तोचान’ आलं १९८१ मध्ये. जपानी नावात ‘खिडकीजवळची’ असा शब्द आहे. एक तर ती मुलगी शाळेच्या खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांची वाट बघायची. पण दुसराही अर्थ आहे. तेव्हा जपानी कंपन्यांत ज्यांना काही काम उरलं नाही, अशांची टेबलं खिडकीपाशी लावत आणि त्यांना ‘खिडकीवाले’ म्हणत. म्हणजे बाजूला सारलेले. मराठी नावात हे सगळं गेलं, आणि आपल्याला ती नुसती गोंडस मुलगी वाटत राहिली. पुस्तक जगभरात अडीच कोटींच्या वर खपलं. त्याच्या पैशांतून तिने फाउंडेशन काढलं, कर्णबधिर कलाकारांना व्यावसायिक नाटकाचं शिक्षण मिळावं म्हणून. जिला सतत आवाजावरून ऐकून घ्यावं लागलं, तिने पैसा लावला तो खुणांच्या भाषेतल्या नाटकावर.

१९८४ पासून ती युनिसेफची सदिच्छादूत. पहिला दौरा टांझानियाचा. तिथे कळलं, की स्वाहिलीत लहान मुलाला ‘तोतो’च म्हणतात.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘तोत्तोचान’वर अ‍ॅनिमेशन चित्रपट आला. दिग्दर्शक शिन्नोसुके याकुवा. छोट्या तोत्तोला आवाज एका लहान मुलीचा आहे, पण निवेदन स्वतः तेत्सुको कुरोयानागी यांचं. वय नव्वद. लग्न केलं नाही, मूल नाही. पण मुलांना गोष्ट वाचून दाखवायची म्हणून जो आवाज शिकायला निघाली होती, तोच आवाज आहे. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये दर शनिवारी तीच ती मारामारी लागते. एखाद्या शनिवारी हा लावा ना. सबटायटल्स असतात.