गोरे 'निर्वासित' आणि आफ्रिकेची जमीन : भांडण दोघांचं, लूट तिसऱ्याची

सुदान, अफगाणिस्तान, म्यानमारमधून जीव मुठीत धरून निघालेल्यांना आज अमेरिकेचं दार जवळपास बंद आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांसाठी मात्र ते उघडलं गेलं. १२ मे २०२५ ला त्यांची पहिली तुकडी वॉशिंग्टनजवळ उतरली. ऑक्टोबरमध्ये ट्रम्प सरकारने वर्षाला फक्त ७,५०० निर्वासित घेऊ असं जाहीर केलं, आणि त्यातल्या बहुतेक जागा याच लोकांना ठेवल्या. कारण काय, तर तिथलं सरकार गोऱ्यांच्या जमिनी हिसकावतंय. गाझासाठी डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलेला देश हाच. ट्रम्प यांच्या फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात त्या खटल्याचाही राग उघड दिसतो.

आधी कायदा पाहू. राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी जानेवारी २०२५ मध्ये भूसंपादन कायद्यावर सही केली. सार्वजनिक हितासाठी सरकार जमीन घेऊ शकतं, आणि पडीक टाकलेल्या किंवा नुसता भाव वाढायची वाट बघत ठेवलेल्या जमिनीला काही वेळा मोबदला शून्यही ठरू शकतो, असं त्यात आहे. ट्रम्प यांचा आदेश निघाला तोवर या कायद्याखाली एकाही शेतकऱ्याची जमीन गेलेली नव्हती. भूसंपादन म्हणजे काय हे सोलापूरकरांना शिकवायला नको. सुरत-चेन्नई महामार्गाच्या मोबदल्यावरून बार्शी-अक्कलकोटच्या शेतकऱ्यांनी किती चपला झिजवल्या! त्यांना कुठल्या देशाने विमान पाठवलं नाही. शून्य मोबदल्याच्या कलमाची भीती वाटणं समजू शकतं, त्यावर तिथल्या कोर्टातही भांडता येतं. पण लोकसंख्येत सात टक्क्यांच्या आसपास असलेल्या गोऱ्यांकडे, २०१७ च्या सरकारी मोजणीनुसार, व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन होती. ती त्यांच्याकडे आली कशी, हा खरा सवाल आहे.

डच कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणं मांडलं. आपल्या वेंगुर्ल्याला वखार घालणारी तीच ही कंपनी. तिने इंडोनेशियातून आणि हिंदुस्थानातून गुलाम नेले. मकासरच्या शेख युसूफ यांच्यासारख्या बुजुर्गांना हद्दपार करून तिथेच ठेवलं, आणि केपच्या मुसलमानांना उघडपणे दीन पाळायची मोकळीक १८०४ पर्यंत नव्हती. मग इंग्रज आले, १८०६ मध्ये केप कायमचं बळकावलं, १८३४ मध्ये गुलामगिरी बंद केली. डच वंशाचे शेतकरी, म्हणजे बोअर, चिडून बैलगाड्या जुंपून आत सरकले आणि आफ्रिकी टोळ्यांच्या जमिनीवर स्वतःची राज्यं उभी केली. तिथे १८८६ मध्ये सोनं सापडलं. ते सापडलं नसतं तर इंग्रजांना बोअरांच्या रानावनात इतका रस वाटला असता का, शंकाच आहे.

ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध पेटलं. इंग्रजांनी शेतं-घरं जाळली, बायका-मुलांना छावण्यांत कोंडलं. सुमारे २६ हजार बोअर स्त्रिया आणि मुलं तिथे मेली. हा जुल्म खराच होता, तो नाकारायचं कारण नाही. पण काळ्या माणसांच्या वेगळ्या छावण्यांत किमान १४ हजार मेले, त्यांची आठवण कितीजण काढतात? पकडलेल्या बोअरांना इंग्रजांनी हिंदुस्थानातही आणून ठेवलं, त्यातले काही आपल्या शेजारी अहमदनगरला.

आपली माणसंही यात होती. ट्रान्सवालच्या बोअर सरकारने १८८५ च्या कायद्याने हिंदी लोकांना, ठरवून दिलेल्या वस्तीबाहेर, जमीन घ्यायला बंदी केली होती. इंग्रज म्हणत, आमच्या प्रजेवरचा हा अन्याय आम्हाला सहन होत नाही. त्या भरवशावर गांधींनी हजारावर हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक इंग्रजांसाठी उभं केलं. इंग्रज जिंकले. कायदा तसाच राहिला. वर १९०६ मध्ये दहा बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायचं फर्मान निघालं! हिंदी लोक उठले ते तेव्हा. ऑगस्ट १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणीचे दाखले जाळले गेले. हमीदिया इस्लामिक सोसायटीचे अध्यक्ष इमाम अब्दुल कादिर बावझीर या लढ्यात तुरुंगात गेले. हेच इमामसाहेब मे १९३० मध्ये धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहात पुढे होते. त्याच महिन्यात सोलापूर मार्शल लॉखाली होतं, आणि त्यातूनच आपले कुर्बान हुसेन पुढे तीन साथीदारांसह फासावर गेले.

तिकडे १९०२ च्या तहात इंग्रज आणि बोअर यांनी आपसात मिटवून घेतलं. काळ्यांना मताचा हक द्यायचा का, हे स्वराज्य मिळाल्यावर बघू, असं आठव्या कलमात लिहिलं. १९१० मध्ये संयुक्त राज्य झालं तेव्हा पहिला पंतप्रधान बोअर सेनापती बोथा, आणि त्याच्यामागून आलेला स्मट्सही बोअर सेनापतीच. तीन वर्षांत, १९१३ ला, जमीन कायदा आला. देशातल्या बहुसंख्य काळ्यांना सुमारे सात टक्के जमीन ठेवली, १९३६ मध्ये ती तेरा टक्क्यांपर्यंत गेली. बाकीच्या जमिनीवर त्यांनी खरेदीही करायची नाही. हरलेल्या बोअरांना जमीन परत मिळाली, जिंकलेल्या इंग्रज कंपन्यांना खाणी मिळाल्या. ज्यांची जमीन होती ते दोघांकडे मजुरीला गेले.

हे फक्त काळ्यांपुरतं थांबलं नाही. केपटाऊनमधल्या कोकणी मुसलमानांची मुळं आपल्या रत्नागिरी-रायगडच्या गावांत आहेत. तिथली 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही मुसलमानांची मोठी वस्ती असलेला मोहल्ला १९६६ मध्ये सरकारने फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला. सुमारे ६० हजार माणसं हुसकावली, घरांवर बुलडोझर फिरवले. मशिदी मात्र पाडल्या नाहीत. नमाजी दूरच्या वस्त्यांमधून जुम्म्याला तिथे येत राहिले. वर्णभेद संपून तीस वर्षं झाली. त्या मोहल्ल्याची काही कुटुंबं परतली, बाकीचे अजून जागेसाठी अर्ज धरून बसलेत, आणि त्यांच्यात आता म्हातारेच जास्त उरलेत.